सा-प-रे-ध-ग: मीनटोन कानाने कसं लावायचं

घरात कुठलाही कीबोर्ड असेल तर पुढचं वाचायच्या आधी एक करा. ऑर्गनचा साधा आवाज घ्या (पियानोचा नको, तो विरत जातो, आणि व्हायब्रेटो असेल तर बंद करा), मधला सी आणि त्याच्या वरचा ई एकत्र दाबून धरा आणि दहा सेकंद नुसतं ऐका. आपल्या भाषेत पांढरी एकचा सा आणि त्याचा शुद्ध गंधार. बराच वर, त्या ईच्या दोन सप्तकं वर, एक थरथर ऐकू येईल, सेकंदाला साधारण दहा वेळा. आता फोनवर तानपुरा पांढरी एकला लावा आणि खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार शोधा. तो थरथरत नाही, एकदम स्थिर उभा असतो. कीबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा 14 सेंट चढा आहे (अख्खं सप्तक म्हणजे 1200 सेंट), आणि हा फरक एकदा कानात बसला की बसलाच.

हिस्टॉरिकल टेम्परामेंट (कीबोर्डचे सूर लावायच्या जुन्या पद्धती) म्हटलं की लोक थेट आकड्यांचे तक्ते पाठवतात आणि समोरचा घाबरून सोडून देतो, म्हणून हे लिहितेय. खरं तर आपल्याकडे गाणं शिकलेल्या माणसाला हा विषय सोपाच जायला हवा, कारण ज्या गंधारासाठी युरोपात दीड-दोनशे वर्षं पंचमाशी तडजोड केली तो गंधार आपण तानपुऱ्यासमोर बसून लहानपणापासून ऐकतोय. मी पुण्यात हार्मोनियम शिकले, आता नेदरलँड्समधे असते, घरी एक छोटं स्पिनेट आहे (हार्पसिकॉर्डचं धाकटं भावंड, प्रत्येक सुराला एकच तार) आणि ते मी दर आठवड्याला स्वतः लावते. या जुन्या पद्धतींपैकी क्वार्टर-कॉमा मीनटोन सविस्तर सांगते, वालोट्टी नावाची दुसरी थोडक्यात.

आधी अडचण काय आहे ते बघू. सा घ्या, त्याचा शुद्ध पंचम लावा, प मिळाला. पचा पंचम रे, रेचा पंचम ध, धचा पंचम ग. सगळे पंचम तंबोऱ्यासारखे स्वच्छ लावत गेलात तर शेवटी जो ग मिळतो तो तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा साडेएकवीस सेंट चढा निघतो, आणि यात तुमची काही चूक नाही, तो हिशोबच तसा आहे. या फरकाला सिंटॉनिक कॉमा म्हणतात. गाणारा माणूस हे गळ्यात सावरून घेतो, त्याला कळतही नाही, पण कीबोर्डला एक पट्टी म्हणजे एकच सूर, तिथे सावरायला जागाच नाही. मग कोणाला तरी सोसावं लागतं, पंचमाने सोसायचं की गंधाराने.

मध्ययुगात पंचम स्वच्छ ठेवायचे आणि गंधार चढा, याला पायथागोरियन म्हणतात, तेव्हाच्या संगीताला ते चालायचं. पुढे तीन सुरांचे कॉर्ड्स संगीताच्या मध्यभागी आले आणि चढा गंधार टोचायला लागला. पिएत्रो आरोन नावाच्या इटालियन संगीतज्ञाने 1523 साली व्हेनिसमधे छापलेल्या पुस्तकात जी पद्धत सांगितलीय ती मला आजही सगळ्यात समजूतदार वाटते: सी-ई आधी गोड लावून घ्या, आणि मधले चार पंचम थोडे थोडे कमी करून त्या ईपर्यंत पोचा. अपूर्णांक वगैरे त्याने काही दिलेले नाहीत, सेंट मोजायची पद्धत तर थेट 19व्या शतकातली. साडेएकवीस सेंटचा कॉमा चार पंचमात वाटला की प्रत्येकी पाव कॉमा, म्हणून क्वार्टर-कॉमा. प्रत्येक पंचम साधारण 5.4 सेंट उतरा होतो. आणि मीनटोन का, तर यात रे हा सा आणि गच्या बरोब्बर मधे बसतो, दोन्हीकडे 193 सेंट.

आता वाद्य. स्पिनेट किंवा हार्पसिकॉर्ड असेल तर उत्तमच, आणि तारांचे दोन संच असतील तर एक बंद करा, एका वेळी एकच. नसेल तरी अडत नाही, सर्ज एक्सटीसारखा कॉम्प्युटरवरचा फुकट सिंथ घ्या ज्यात ट्यूनिंगची फाईल टाकता येते, किंवा बऱ्याच डिजिटल पियानोंमधे सेटिंगमधे मीनटोन, वर्कमाइस्टर, किर्नबर्गर ही ट्यूनिंगची नावं आधीच असतात (यामाहाच्या क्लाविनोव्हात आहेत), ती वर्षानुवर्षं कोणी उघडूनही बघत नाही. एखाद्या साध्या पियानोवर मात्र पहिला प्रयोग करू नका, तिथे बहुतेक सुरांना तीन तारा असतात आणि तारा गुंडाळलेल्या पिना घट्ट, तो वेगळा उद्योग आहे.

स्पिनेटवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. किल्ली पिनेवर बसवली की आधी किंचित खाली उतरवा, सूर उतरला हे कानाने ऐका, मगच वर चढवा. पहिल्याच महिन्यात मी शेजारच्या पिनेवर किल्ली ठेवून चढवत बसले, दाबत होते तो सूर बदलत नाही म्हणून अजून चढवला, आणि पितळेची तार तुटली. खाली उतरवून बघायची सवय असती तर अर्ध्या सेकंदात कळलं असतं की चुकीच्या पिनेवर आहे. आणि किल्ली फिरवायची म्हणजे मनगटाने नाही, नुसता दाब द्यायचा, तानपुऱ्याची खुंटी फिरवतो त्याच्या दहाव्या हिश्श्यानेसुद्धा खूप होतं. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रीजची घरघर ऐकू येत असेल तर स्वयंपाकघराचं दार लावा.

सुरुवात मधल्या सीने. जुन्या वाद्यांसाठी आज मधल्या सीच्या वरचा ए 415 हर्ट्झ धरायची पद्धत आहे, त्या हिशोबाने या ट्यूनिंगमधे मधला सी 248.2 हर्ट्झ येतो. 440 धरलात तर 263.2. फोनवरच्या टोन जनरेटरमधून घ्या.

मग त्याच्या वरचा ई. हाच सगळ्याचा पाया, त्यामुळे इथे घाई करू नका, मी इथे पाच-पाच मिनिटं घालवते. सी आणि ई दोन्ही धरा, पट्ट्या दाबलेल्या ठेवा. कानाला कुठे बघायचं ते सांगायला लागतं, म्हणून फोनवर दोन सप्तकं वरचा ई एकदा वाजवून घ्या, आणि मग त्याच उंचीवर लक्ष ठेवा. तिथे लाटा येतायत, वॉ-वॉ-वॉ-वॉ, जलद. ई हळूहळू उतरवा. लाटा संथ होतात, मग लांबतात, एक लाट दोन सेकंदांची होते, आणि मग एका क्षणी ती उठतच नाही, दोन सूर एकमेकात मिसळतात आणि खाली, सीच्याही दोन सप्तकं खाली, काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटतं. तिथे थांबा. त्याच्या पलीकडे गेलात की लाटा परत सुरू होतात, मग परत या. ज्यांनी तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावल्यात त्यांना हे ओळखीचं आहे, तिथे षड्जाला षड्ज मिळवताना जे होतं तेच इथे गंधाराला होतं.

आता सा आणि ग पक्के झाले, मधे प, रे, ध बसवायचे. मधला सी आणि त्यावरचा जी घ्या, आधी लाटा पूर्ण थांबतील असा स्वच्छ पंचम लावा (इथे कान ठेवायचा तो जीच्या एक सप्तक वर), मग जी एवढाच उतरवा की लाटा मिनिटाला 138 होतील. मेट्रोनोम 138ला लावून ठेवा आणि टिकला लाट जुळवा, हे ऐकायला अवघड वाटतं पण दोन दिवसात जमतं. आपण उतरवलाय की चुकून चढवलाय याची खात्री नसेल तर अजून एक केसभर उतरवा, लाटा वाढल्या तर बरोबर बाजूला आहात. जी झाला की त्याचा खालच्या सप्तकातला जी स्वच्छ लावून घ्या, त्या खालच्या जीवरून मधल्या सीच्या शेजारचा डी, आधी स्वच्छ, मग मिनिटाला 104 लाटा येईपर्यंत उतरवा. डीवरून वरचा ए, 155. त्या एवरून खालचा ए स्वच्छ सप्तकाने. आणि आता परीक्षा: खालचा ए आणि आपण पहिल्यांदा लावलेला ई. याला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. मिनिटाला 116च्या आसपास लाटा आल्या तर झालं. जास्त जलद आल्या तर मागचे तीन पंचम तुम्ही पुरेसे उतरवले नाहीत, आपल्याला स्वच्छ पंचमाची एवढी सवय असते की हात आपोआप तिकडे ओढतो, माझं अजूनही बहुतेकदा हेच चुकतं. संथ आल्या तर जास्त उतरवलेत. परत जाऊन तिघांमधे थोडं थोडं वाटा, एकट्या एवर सगळं ढकलू नका. (हे आकडे ए 415चे. 440ला सगळं सहा टक्के जलद.)

एवढं झालं की अवघड भाग संपला, कारण उरलेले सातही सूर नुसत्या स्वच्छ गंधाराने लागतात, उतरवणं नाही, मोजणं नाही, लाटा थांबल्या की पुढे. जीवरून बी, डीवरून एफ शार्प, एवरून सी शार्प, ईवरून जी शार्प. मग उलट्या दिशेने, खालचा सूर वरच्याला मिळवायचा: एला गंधार मानून त्याच्या खालचा एफ, डीला गंधार मानून बी फ्लॅट, जीला गंधार मानून ई फ्लॅट. मधेच एकदा एफ-सी पंचम ऐकून घ्या, खालच्या एफवरून मधला सी, मिनिटाला 93 आला तर सगळी साखळी बरोबर आहे. मग या सुरांवरून वरची-खालची सप्तकं स्वच्छ मिळवून घ्या.

झाल्यावर लगेच वाजवू नका काही मोठं. सी-ई-जी धरा. मग एफ-ए-सी, मग जी-बी-डी. पंचमात एक हलकी लाट असते पण गंधार इतका शांत असतो की पंचमाकडे लक्षच जात नाही. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ऐकून विचारलं होतं की हा नवीन तानपुरा का, आणि तिला टेम्परामेंट हा शब्दही माहीत नाही.

आता किंमत. जी शार्प आणि त्यावरचा ई फ्लॅट एकत्र दाबा. कीबोर्डवर हा पंचम दिसतो पण तो पंचम नाहीये, स्वच्छ पंचमापेक्षा जवळजवळ 36 सेंट मोठा, मधल्या सप्तकात सेकंदाला बारा लाटा, चिरकतो नुसता. याला जुन्या काळापासून वुल्फ म्हणतात, लांडगा ओरडल्यासारखा म्हणून. शिवाय बी-ई फ्लॅट, एफ शार्प-बी फ्लॅट, सी शार्प-एफ आणि जी शार्प-सी हे चार गंधार 427 सेंटचे, वापरण्यासारखे नाहीत. म्हणजे बारापैकी आठ मेजर कॉर्ड अतिशय सुंदर आणि चार बंद. हा बिघाड समजून काही जण लगेच इक्वल टेम्परामेंटला (आजच्या कीबोर्डचं, बाराही अर्धे स्वर सारखे) परत जातात, तसं करू नका, कारण तेव्हाचे रचनाकार हे माहीत असूनच लिहायचे, कुठे जायचं नाही आणि कुठे मुद्दाम काठापर्यंत जायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ऐकायचं असेल तर अ‍ॅमस्टरडॅमच्या औडे केर्क या चर्चचा ऑर्गनिस्ट स्वेलिंक (1562-1621), त्याची क्रोमॅटिक फँटसी वाजवून बघा, अख्खी नको, पहिली ओळ पुरे, डीवरून एपर्यंत एकेक पट्टी खाली उतरत येणारी. इक्वलमधे ती एकसारखी जिन्याची पायरी वाटते. मीनटोनमधे अर्धे स्वर दोन मापांचे आहेत, एक 117 सेंट आणि एक 76, आणि ही ओळ मोठी-छोटी-मोठी-छोटी-मोठी अशी उतरते. कोमल-तीव्र स्वरांच्या जागा बघून ऐकायची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्याच फटक्यात कळतं. मला ही ओळ इक्वलवर शिकवली होती तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पहिल्यांदा नीट लावलेल्या स्पिनेटवर वाजवली तेव्हा मी तीच ओळ अर्धा तास वाजवत होते.

एखाद्या तुकड्यात ई फ्लॅट नकोय, डी शार्प हवाय असं होतं, समजा ई मायनरमधलं काही आहे. मग ती एकच पट्टी बदला, बीवरून स्वच्छ गंधार लावा, सूर 41 सेंट खाली येईल. तसंच जी शार्पऐवजी ए फ्लॅट हवा असेल तर सीला गंधार मानून खालून लावा, तो 41 सेंट चढेल. दोन मिनिटांचं काम. काही जुन्या इटालियन आणि जर्मन वाद्यांवर तर यासाठी काळी पट्टी मागे-पुढे दोन तुकड्यांत कापलेली असायची, पुढचा तुकडा एक सूर, मागचा दुसरा.

जर्मन संगीतकार बाखपर्यंत यायचं असेल तर मीनटोन पुरत नाही, कारण वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर या त्याच्या 1722च्या संग्रहामधे बाराच्या बारा स्वरांवरून मेजर आणि मायनर दोन्ही आहेत. तो स्वतः वाद्य कसं लावायचा हे त्याने लिहून ठेवलेलं नाही आणि त्यावरून बराच वाद चालतो, शिकताना त्यात अडकू नका. वेल-टेम्पर्ड म्हणजे सगळे स्वर वापरता येतील असं, सगळे सारखे असं नव्हे, एवढं धरून चाला. वर्कमाइस्टरची 1691ची एक रीत प्रसिद्ध आहे, पण मी नवीन माणसाला पादुआच्या सेंट अँथनी बॅसिलिकाचे संगीतकार वालोट्टी (1697-1780) यांच्या नावाने ओळखली जाते ती आधी लावायला सांगते. ती लक्षात ठेवायला सोपी आहे: पांढऱ्या पट्ट्यांमधले सहा पंचम थोडे उतरे, काळ्यांना जोडणारे सहा एकदम स्वच्छ.

एपासून सुरू करा. लाटांचे आकडे मिनिटाला, 415चे: मधल्या सीवरून जी 100, खालच्या जीवरून डी 75, डीवरून ए 113, खालच्या एवरून ई 84, ईवरून बी 126, खालच्या एफवरून सी 67. ए ठरलेला आहे म्हणून तिथून दोन्ही बाजूंना जा, ई आणि बी एकीकडे, डी, जी, सी, एफ दुसरीकडे. मग एफवरून बी फ्लॅट, त्यावरून ई फ्लॅट, त्यावरून जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, सगळे पंचम-मध्यमाने स्वच्छ, लाट नको. शेवटी एफ शार्प आणि बी एकत्र दाबा. हात न लावता स्वच्छ निघाले तर तुम्ही बरोबर आहात, आणि हा शेवट जुळतो तेव्हा खरंच फार बरं वाटतं. यात वुल्फ नाही. सी, एफ, जीचे गंधार 392 सेंटचे, बरेच शांत, आणि एफ शार्प, बी, सी शार्पचे 408, ताणलेले. बाखच्या त्या संग्रहातला सी मेजरचा प्रिल्यूड वाजवा आणि लगेच सी शार्प मेजरचा, दोघांचे स्वभाव वेगळे ऐकू येतील.

डिजिटलवाल्यांसाठी सेंट देऊन ठेवते, इक्वलच्या तुलनेत, ए शून्य धरून. मीनटोन: सी +10.3, सी शार्प −13.7, डी +3.4, ई फ्लॅट +20.5, ई −3.4, एफ +13.7, एफ शार्प −10.3, जी +6.8, जी शार्प −17.1, बी फ्लॅट +17.1, बी −6.8. वालोट्टी: सी +5.9, सी शार्प 0, डी +2, ई फ्लॅट +3.9, ई −2, एफ +7.8, एफ शार्प −2, जी +3.9, जी शार्प +2, बी फ्लॅट +5.9, बी −3.9. पण आकडे टाकून झाल्यावरही तो सी-ई एकदा लाटा ऐकत बसून ऐका, नाहीतर नुसतं बटण दाबल्यासारखं होतं.

हार्मोनियमवर करू का, हे सगळे विचारतात. आपल्याकडे गंधार ट्यूनिंग म्हणून जे करून घेतात ते याच कुटुंबातलं आहे पण वेगळं, तिथे एक सा ठरवून त्याभोवती सगळे सूर स्वच्छ लावतात, पंचमही, मग त्या पट्टीत पेटी अप्रतिम बोलते आणि दुसऱ्या पट्टीत खटकते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमंट्स यांनी 1910च्या सुमारास श्रुतींची हार्मोनियम करायचा खटाटोप केला तो याच दुखण्यापायी. मीनटोन हार्मोनियमवर लागतं, पण रीडचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि दोन्ही वेळा पितळ कायमचं जातं. त्यामुळे रोजच्या रियाजाच्या पेटीला हात लावू नका. जुनी, अडगळीत पडलेली असेल तर कारागिराला सोबत घेऊन करा.

स्पिनेट हवामानाबरोबर हलतं, हिवाळ्यात हीटर सुरू झाला की माझं दोन दिवसात बिघडतं. दर वेळी पहिल्यापासून लावत बसू नका. आठ गंधार ओळीने ऐका, सी-ई, जी-बी, डी-एफ शार्प, ए-सी शार्प, ई-जी शार्प, एफ-ए, बी फ्लॅट-डी, ई फ्लॅट-जी, आणि ज्यात लाट उठलीय तेवढाच मिळवा. ए किंवा डी हलला असेल तर मात्र एकाच वेळी दोन गंधार बिघडलेले दिसतील, तेव्हा काळ्या पट्ट्यांना हात न लावता आधी सा-प-रे-ध-गची साखळी तपासा.